मागच्या घरची चिमूट

वैजयंता पोवारनं पाडव्याच्या दिवशी मुलीशी, सानिकाशी, पैज लावली, आणि आपण हरणार नाही याची तिला इतकी खात्री होती की अटसुद्धा तिनंच घातली. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गल्लीतली दहा घरं वर्षाची चटणी कांडायला आपल्याकडं आली, तर मिरची कांडायचा डंक राहील. नाही आली, तर डंक उचलायचा आणि त्या जागी सानिकाचं यंत्र बसवायचं.

"दहाच?" सानिका म्हणाली. "आई, एके काळी तुझ्याकडं दिवसाला चौदा घरं यायची."

"म्हणून तर दहा म्हटलं. सणाच्या दिवशी लेकीला रडवायला नको."

गडहिंग्लजच्या मिरची बाजारामागच्या गल्लीत तो डंक २००६ सालापासून, म्हणजे अडतीस वर्षं, उभा होता. चार लोखंडी मुसळं, ती उचलणारा पट्टा, खाली खोलगट उखळ आणि भिंतीला मोटर, एवढाच त्याचा संसार. चैत्र लागला की तो सकाळी सातला धडधडायला लागायचा आणि सगळी गल्ली शिंकायला लागायची. पोस्टमन नाकाला रुमाल लावूनच आत शिरायचा. कोल्हापूरकडं चटणी म्हणजे कांदा-लसणाचा लाल तिखट मसाला. तो वर्षातून एकदाच होतो, बरणीत भरून ठेवतात, आणि एका घराचा दुसऱ्या घरासारखा कधीच लागत नाही. मिरच्या त्याच, धणे तेच, तरी माहेरची चटणी वेगळी आणि सासरची वेगळी. यावरून गल्लीत अबोले झाले होते आणि लग्नंही जमली होती.

पाडवा होऊन सतरा दिवस झाले, तेव्हा वैजयंताच्या पाटीवर खडूच्या सहा रेघा होत्या.

सानिकाच्या यंत्राचं नाव गंधवेध. तिनं अन्नतंत्रज्ञान शिकून कोल्हापूरच्या एका कंपनीत नोकरी धरली होती आणि यंत्र घडवणाऱ्या चमूत ती पहिल्यापासून होती. दोन वर्षांपूर्वी बाजारपेठेत त्याचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा आईला तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसूनच सगळं समजावलं होतं.

वास म्हणजे काय, तर पदार्थातून सुटून हवेत उडणारे बारीक रेणू. चिमूटभर चटणीतून असे शेकडो प्रकारचे रेणू सुटत असतात. माणसाच्या नाकात ते ओळखणारे जवळजवळ चारशे निरनिराळे ग्राहक असतात, आणि कोणते ग्राहक किती चेतले यावरून मेंदू ठरवतो की ही लवंग, हे दगडफूल. गंधवेधमध्ये तसे चार हजार संवेदक होते. त्यात घरच्या बरणीतली चिमूट टाकायची. यंत्र ती हुंगायचं आणि सांगायचं की मिरची कुठली, धणे किती भाजलेले, लसूण कच्चा की तळलेला. जुन्या बरणीतून काय उडून गेलं असेल त्याचाही अंदाज ते लावायचं. मग आतल्याच कप्प्यांतून जिन्नस घेऊन, भाजून, थंड हवेत दळून तासाभरात पाच किलो चटणी बाहेर द्यायचं. डंकात आपटून मसाला तापतो आणि त्याचा थोडा वास उडतो. इथं तेही नाही.

"म्हणजे बाईनं फक्त चिमूट न्यायची?" वैजयंतानं विचारलं होतं.

"फक्त चिमूट."

"आन् मग तासभर करायचं काय तिनं?"

 सानिकानं ते हसण्यावारी नेलं.

नव्या यंत्राचं एक ठरलेलं असतं. आधी लोक त्याला नावं ठेवतात, मग शेजारणीनं घेतलं म्हणून नुसतं बघून येतात, आणि तिसऱ्या महिन्यात ते घरात असतं. वैजयंताला हे कुणी शिकवायला नको होतं, कारण एकदा ती स्वतःच असं नवं यंत्र घेऊन आली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू, आक्का, हातानं चटणी कांडून द्यायची. दगडी उखळ, त्याभोवती चार बायका, चार मुसळं आणि अखंड बडबड. वैजयंतानं दोन वर्षं मुसळ उचललं, तिचा उजवा खांदा कामातून गेला, आणि तिनं नवऱ्याला पटवून विजेचा डंक आणला. डंक ठरल्यापासून तो सुरू होईपर्यंत दोन महिने आक्का तिच्याशी बोलली नाही. बायका मात्र महिन्याभरात डंकाकडं वळल्या. चटणी चांगली होते म्हणून त्या आल्या असं नाही. खांदे सगळ्यांचेच दुखत होते.

डंक पहिल्यांदा सुरू व्हायच्या दिवशी आक्का मूठ मिटून आली. नव्या, चकचकीत उखळात तिनं काहीतरी सोडलं. वैजयंताला वाटलं अंगारा असेल.

"उखळ उपाशी ठिवू नगंस कधी," एवढंच आक्का म्हणाली आणि आत गेली. दोन महिन्यांनी फुटलेला शब्द होता, म्हणून वैजयंतानं तो पाळला. एका घराची चटणी काढून झाली की कुंचा फिरवायचा, पण पार कोरडं करायचं नाही. मूठभर राहू द्यायची आणि त्यावरच पुढच्या घराच्या मिरच्या ओतायच्या. अपवाद फक्त विमलकाकू दोशींचा. त्या जैन, त्यांना कांदा-लसणाचा कणही चालत नव्हता. त्यांच्यासाठी डंक उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवला जायचा आणि सकाळचा पहिला मान त्यांचा असायचा.

आता चार-चार दिवसांनी एखादं घर येत होतं. उरलेली मूठ तोवर कुबट व्हायची. म्हणून गेल्या वर्षापासून वैजयंता दर खेपेनंतर उखळ धुऊनच ठेवत होती.

बाजारपेठेतल्या गंधवेधबद्दल बायकांची तक्रार मात्र वेगळीच होती. रुक्साना मुल्ला, वैजयंताची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, दोन वर्षं यंत्राचीच चटणी नेत होती आणि दोन वर्षं कुरकुरत होती.

"रंग बरोबर, तिखट बरोबर, वास बी बरोबर," ती म्हणायची. "पर आमची न्हाई गं ती. पावणी आल्यागत वाटती."

"मग डंकावर ये की."

"गुडघं कुठं ऱ्हायल्यात? आन् भाजायचं कुणी?"

सगळ्यांचं हेच होतं. कुरकुरायचं आणि तिथंच जायचं. गावात एकच बाई यंत्रावर बेहद्द खूष होती, ती म्हणजे विमलकाकू दोशी. "अगदी माझ्या सासूबाईंच्या हातची गं," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटोसुद्धा आला होता.

विसाव्या दिवशी तेजस्विनी माने आली. ती समोरच्या घरातल्या संजीवनी मान्यांची मुलगी, आता पुण्याला असते. संजीवनी गेल्या दिवाळीत गेली. तेजूच्या हातात चिनी मातीची बरणी होती आणि बरणीच्या तळाला दोन बोटं चटणी.

"काकू, आईनं दोन वर्षांपूर्वी इथंच कांडलेली शेवटची आहे ही. यंत्राला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा ते चुकलं. ही संपली की..." तिनं बरणीचं झाकण घट्ट लावलं. "तुम्ही आईची वीस वर्षं कांडलीत. तुमच्या हातून होईल."

वैजयंताचा ऊर भरून आला. संजीवनीच्या आठवणीनं आला, आणि खोटं कशाला बोला, यंत्र दोनदा चुकलं या आनंदानंही आला. संजीवनीचं माप तिला तोंडपाठ होतं. तीन किलो संकेश्वरी मिरची, एक किलो ब्याडगी, खोबरं जरा जास्त, मोहरीच्या तेलाचा हात नाही. दोन दिवस तिनं स्वतः चुलीपाशी बसून सगळं भाजलं. तिसऱ्या दिवशी डंक चालू केला. धडधड ऐकून दोन म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

चटणी झाली. वैजयंतानं गरम भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभर घेतली, वर कच्चं तेल सोडलं आणि तेजूच्या हातात दिली. तेजूनं डोळे मिटून घास खाल्ला. बराच वेळ ती चावत राहिली.

"छान झालीय, काकू."

"छान नको सांगू. तुझ्या आईची हाय का?"

तेजूनं मान खाली घातली. "नाही. यंत्राच्या जवळपासच आहे."

तेजू गेल्यावर वैजयंतानं पाटीवर सातवी रेघ ओढली नाही. चूक यंत्राची असती तर तिला काही वाटलं नसतं. पण माप तेच, हात तेच, डंक तोच, आणि तरी चटणी मुकी झाली होती. इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं की चव आपल्या डंकात आहे, आणि ती तिथं नव्हतीच. मग पैज जिंकून तरी राखायचं काय, हे तिला कळेना. ती उखळाच्या कडेला बसून राहिली आणि तिला रडू आलं.

संध्याकाळी सानिका आली, तेव्हा तिनं काही न लपवता सांगून टाकलं. सानिका खूष होईल असं तिला वाटलं होतं. पण सानिका तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"आमचंही तेच दुखणं आहे, आई. बायका सांगतात काहीतरी कमी आहे, आणि यंत्र सांगतं काहीच कमी नाही. उलट जास्त असलेलं ते काढून टाकतं."

"जास्त म्हंजे?"

"जुन्या चटण्यांत भेसळ निघते. मूळ मापात न बसणारे अंश, शंभरात दोन-तीन भाग. यंत्र त्यांना परके म्हणून गाळतं." तिनं हातातल्या काचेच्या पाटीवर तेजूच्या बरणीचा अहवाल उघडला. "हे बघ. माने, संजीवनी. मूळ जिन्नस सतरा. गाळलेले अंश: शहाजिरं. पांढरे तीळ, करपलेले. सुका कढीपत्ता. मेथी."

"थांब," वैजयंता म्हणाली. "संजीवनी शहाजिरं कधीच घालत नव्हती."

"म्हणून तर गाळलं."

"शहाजिरं रुक्सानाचं हाय. तिच्या सासूची विजापूरची रीत. आख्ख्या गल्लीत दुसरं कुणी घालत नव्हतं."

सानिकानं पाटीवरून नजर उचलली.

"आन् करपलेले तीळ," वैजयंता म्हणाली, "ते स्वाम्यांच्या गिरिजाक्काचे. जन्मात तिला तीळ वेळेवर उतरवता आले न्हाईत. चुलीवर तीळ ठेवून बोलत बसायची. कढीपत्ता शिंदेवहिनींचा. आन् मेथी... मेथी देसाईबाईंची असणार गं. शाळेतल्या. गाव सोडायच्या आधी शेवटचं वर्ष त्यांचं."

ती बोटावर मोजत होती, आणि मोजता मोजता तिच्या डोळ्यांसमोर रांग उभी राहिली. देसाईबाई पुढं, कारण त्यांना शाळा गाठायची असायची. मग शिंदेवहिनी. मग गिरिजाक्का. तिच्या मागं रुक्साना, आणि रुक्सानाच्या मागं नेहमी संजीवनी. दोघींना गप्पा मारायच्या असायच्या, म्हणून संजीवनी स्वतःचा नंबर सोडून तिच्या मागं येऊन उभी राहायची. प्रत्येकीची मूठभर चटणी उखळात राहायची आणि मागचीच्या बरणीत जायची. आक्कानं उखळ उपाशी ठेवू नको म्हटलं ते यासाठी.

"विमलकाकूंचीच तेवढी जमली तुमच्या यंत्राला," ती म्हणाली. "कारण त्यांना धुतलेलं उखळ लागायचं. त्यांच्या चटणीत दुसरं कुणी नव्हतंच."

 दोन वर्षं कंपनीतली दहा माणसं संवेदकांवर डोकं फोडत होती. "माणसाचं नाक काही वास लाखात एक भाग असला तरी ओळखतं," सानिका हळूच म्हणाली. "आम्ही त्याला घाण म्हणत होतो, आई."

दुसऱ्या दिवसापासून वैजयंतानं फोन धरला. शिंदेवहिनींना, देसाईबाईंच्या भाचीला, रुक्सानाला. गिरिजाक्का दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गेली होती, तिच्या सुनेला तिनं बजावलं, "तीळ करपवून आण. मुद्दाम. सासू करायची तसे." सून आधी हसली, मग किती करपवायचे ते तिनं विचारून घेतलं.

आखितीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला डंक धडधडला. विमलकाकू पहिल्या आल्या. त्यांना यंत्राचं बरं चाललं होतं, पण मान सोडायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी धुतलेलं उखळ. नंतर मेथी, कढीपत्ता, तीळ. कुणाची नात डबा धरून उभी, कुणाचा जावई गाडीतून पोती उतरवतोय. गल्ली पुन्हा शिंकायला लागली. रुक्सानाला दोघींनी धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. तेजू तिच्या मागं उभी राहिली.

"तुजी आई माज्या कानाशी लई बोलायची," रुक्साना तिला म्हणाली. "तू बी बोल की. नुसती उभी काय ऱ्हायलीस?"

तेजू बोलायला लागली. मुसळांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं, तरी दोघी हसत होत्या. रुक्सानाची खेप निघाली. वैजयंतानं कुंचा फिरवला, मूठभर ठेवली आणि त्यावर संजीवनीच्या मापाच्या मिरच्या ओतल्या.

दुपारी भाकरीचा तुकडा पुन्हा तेजूच्या हातात आला. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. पहिला घास गेला, दुसरा गेला, आणि ती तशीच घास तोंडात धरून पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. रुक्साना तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. विचारायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी सानिकानं पाटीवरच्या रेघा मोजल्या. बारा. "जिंकलीस. कंपनीला सांगते, यंत्र इथं येणार नाही."

वैजयंता पट्ट्यावरची लाल धूळ पुसत होती. सकाळपासून तिनं सगळं पाहिलं होतं. रुक्सानाला खुर्चीतून उठताना आलेली कळ, शिंदेवहिनींचा न थांबणारा खोकला, गिरिजाक्काच्या सुनेचे भाजताना पोळलेले हात. त्या आल्या त्या तिच्या शब्दाखातर आल्या होत्या.

"यंदा आल्या," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी न्हाई येणार. माझ्या वेळी खांदे दुखत होते, म्हणून डंक आला. आता गुडघे दुखतात. आण तुझं यंत्र."

"आई, पैज तू जिंकलीयस."

"व्हय. म्हणूनच आता अट मी घालणार."

जूनमध्ये डंक निघाला. लोखंड उचलणारी माणसं आली तेव्हा वैजयंता आत जाऊन बसली, तिला बघवेना. अडतीस वर्षांची धडधड गेली आणि भिंतीवर मोटरची चौकट तेवढी पांढरी राहिली. त्या जागी गंधवेध आलं, पांढरं, उंच, आवाज न करणारं. त्याच्यासमोर सहा खुर्च्या आल्या, तीही अटच होती. चिमूट घरी बसून पाठवायची नाही, स्वतः यायचं आणि रांगेत बसायचं.

पहिल्या दिवशी सकाळी विमलकाकूंची चटणी निघाली. मग रुक्सानाचा नंबर. सानिकानं कळ दाबायला बोट पुढं केलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: पुढील खेपेपूर्वी भांडे धुतले जात आहे.

"हे बंद होतं का?" वैजयंतानं विचारलं.

"होतं. पण नियम आहेत, आई. प्रत्येकीला विचारावं लागेल, सही घ्यावी लागेल. कुणाला तीळ चालत नसतील तर..."

"विचारू की. विमलकाकूंना न्हाई का अडतीस वर्षं विचारत आलो? त्यांचं धुऊनच व्हायचं. बाकीच्यांचं बाकीच्यांनी ठरवावं."

"मला चालतंय," खुर्चीतून रुक्साना ओरडली. "कुठं सही करू सांग!"

सानिकानं धुण्याची कळ बंद केली. वैजयंता यंत्रापाशी गेली. तिची उजवी मूठ मिटलेली होती. आखितीच्या आदल्या दिवशी उखळाच्या तळाशी राहिलेली चटणी तिनं डबीत घट्ट झाकून ठेवली होती. तिनं झाकण उचललं आणि स्टीलच्या कोऱ्या भांड्यात मूठ सोडली.

"हे काय टाकलंस?" सानिकानं विचारलं.

सांगायला पुष्कळ होतं. तिनं एवढंच सांगितलं.

"उपाशी ठेवू नकोस कधी."